सासूबाईंच्या नावाची पाटी

माझं लग्न सुक्या बोंबलांच्या टोपलीतून जमलं. लोक हसतात, मी हसू देते, कारण ते खरंच तसं आहे. आम्ही अंबरनाथ पश्चिमेचे, जातीने आगरी. आजोबांची भातशेती होती, वडील कारखान्यात लागले आणि शेतीचे हळूहळू प्लॉट झाले. पण दर मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी मात्र जुन्या पद्धतीनेच व्हायची. सुके बोंबील, सोडे, जवळा. तो माल घेऊन किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावातून एक कोळीण यायची. आधी अंबरनाथच्या दोन आळ्या, मग उल्हासनगर कॅम्प चार, शेवटी बदलापूरचा बाजार, असा तिचा तीन दिवसांचा दौरा असे आणि मुक्काम आमच्या ओटीवर. माझी आई आणि ती बोंबलांच्या भावावरून अशा भांडायच्या की नवीन शेजारी सोडवायला यायचे. भांडण संपलं की दोघी एका ताटात जेवायच्या.

एका वर्षी जेवण झाल्यावर हात धुता धुता तिने आईला विचारलं, "पोरगी देतीस का माझ्या पोराला?" पोरगा डिप्लोमा झालेला, आमच्याच अंबरनाथमधल्या एका कारखान्यात नुकताच लागलेला. आई म्हणाली, "जवळ्यात रेती निघाली नाही तर देईन." त्या वर्षी रेती निघाली नाही. पुढे सासूबाईंनीच मला सांगितलं की ती टोपली त्यांनी चार वेळा चाळून आणली होती.

तर अशी मी त्या गावची सून झाले. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसंही त्याला नुसतं 'बंदर' म्हणतात. नवऱ्याची नोकरी इथे, माझी शाळेच्या ऑफिसातली नोकरी इथे, म्हणून संसार अंबरनाथलाच झाला. पण शिमगा, नारळी पौर्णिमा, देवीची जत्रा आणि मधले चार-दोन शनिवार-रविवार असे तीस वर्षं मी तिकडे जाते आहे. मला पोहता येत नाही, आणि आता या वयात यायचंही नाही. तरी माझा जीव त्या गावात जास्त रमतो, हे मी नवऱ्याला कधी कबूल केलेलं नाही.

गाव म्हणजे काय, तर अर्धचंद्रासारखा वाळूचा किनारा, त्याला चिकटून घरं, एका टोकाला किल्ल्याचा अर्धा ढासळलेला बुरूज आणि दुसऱ्या टोकाला टेकाडावर देवीचं पांढरं देऊळ. मागे लांब डोंगर, त्याच्या माथ्यावर एक खाच. तो किल्ला कुणी बांधला याच्यावर गावात तीन मतं आहेत आणि तिन्ही मतांची माणसं एकमेकांशी बोलत नाहीत. माझ्या सासऱ्यांना विचारलं तर ते म्हणायचे, "बांधला कोनी ते मना माहीत नाय. बुरूज कामाचा हाय." कामाचा म्हणजे काय, ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

मी कारखान्याच्या भोंग्यावर वाढलेली मुलगी. आमच्याकडे सकाळचा भोंगा झाला की दूध तापायचं, संध्याकाळचा झाला की दिवा लागायचा. तिथे पहिल्यांदा गेले आणि सासूबाईंना विचारलं, "जेवायला किती वाजता बसतात?" त्या म्हणाल्या, "सुकती लागली की." सुकती म्हणजे ओहोटी, हे मला ठाऊक नव्हतं. मी भुकेली बसून राहिले. दुसऱ्या दिवशी जेवण पहाटे, तिसऱ्या दिवशी दुपारी. त्या गावात लग्नाच्या आमंत्रणातसुद्धा वरात भरतीच्या आधी की नंतर हे तोंडी सांगतात. घड्याळ असतं सगळ्यांच्या हातात, ते बाहेरच्या माणसांसाठी.

सासूबाईंकडून मी गावाचा सगळा इतिहास ऐकला, पुस्तकात नसलेला. पूर्वी जाळी घरी विणत. सूत काततही बायकाच, आणि जाळं टिकावं म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात ते उकळत. महिन्यातून एकदा सगळ्या गावाला त्या काढ्याचा वास यायचा आणि बायकांचे हात कोपरापर्यंत तांबडे व्हायचे. लग्नात नवरीच्या हाताला मेंदी कमी आणि काढा जास्त, असं त्या म्हणायच्या. मग नायलॉन आलं, शिडं गेली, इंजिन आलं, बर्फाचा कारखाना आला. दर वेळी म्हातारे म्हणाले की आता बंदर बुडालं. बंदर आहे तिथेच आहे.

आणि तिथल्या बायका. समुद्र पुरुषांचा, पण मासा रेतीला लागला की तो बायकांचा, असा तिथला कायदा आहे. लिलाव बायका करतात, भाव बायका पाडतात, पैसा बायकांच्या कमरेच्या पिशवीत. वादळातून होडी घरी आणणारे माझे सासरे बिडीसाठी सासूबाईंपुढे हात पसरून उभे राहायचे आणि त्या आधी दहा प्रश्न विचारायच्या. मी अंबरनाथच्या किती साहेबांच्या घरातल्या बायका पाहिल्या, शिकलेल्या, पण असा रुबाब कुठे पाहिला नाही. खरं सांगते, मला त्यांचा हेवा वाटायचा.

दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. आजारी पडल्या, आठवडाभरात गेल्या, कुणाला सेवाही करू दिली नाही. वर्षश्राद्ध झाल्यावर नवऱ्याच्या मनात आलं की आईच्या नावाने काहीतरी करावं. देवळासमोर जत्रेत बायका भर उन्हात बसतात आणि त्याबद्दल सासूबाई दर वर्षी देवीलाच चार शब्द सुनवायच्या. म्हणून शेड बांधायची ठरली. गावकीने हो म्हटलं. नवरा पडला कारखान्यातला माणूस, तो नकाशेच काढत बसला असता. म्हणून मी पदर खोचला.

उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये, एक सिंधी शेठ आहेत. ग्रिल, शटर, पत्र्याच्या शेडी असलं काम करतात. साठी उलटलेली, पण अजून स्वतः हातात पाना घेतात. मी गावाचं नाव सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "वो सूखा मछली लाती थी, बडी आवाजवाली मासी, उनका गाव?" म्हटलं, त्यांच्याच नावाची शेड आहे. शेठनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "भाभी, नाव मी बनवणार. रंगाने लिहायचं नाही, पत्रा कापून अक्षर करतो. मजबूत." आणि त्यांनी जाड पत्र्यातून नावाची चार अक्षरं कापली, हातभर उंच, लाल रंग दिला, आणि एका लांबरुंद पाटीवर रिबिट मारून बसवली. 'यांच्या स्मरणार्थ' वगैरे खाली बारीक रंगाने. मी वर्कशॉपमध्ये ती पाटी उभी पाहिली आणि मला भरून आलं.

आता शहाणपणा कुणाचा, तर माझा. शेठ पाटी शेडच्या वळचणीला लावणार होते, माणसाच्या डोक्याच्या जरा वर. मी म्हटलं, नाही. शेडच्याही वर, समुद्राकडे तोंड करून. होडीतून येणाऱ्याला लांबून दिसली पाहिजे. शेठ म्हणाले, "इतना ऊपर कायको? हवा पकडेगा." मी म्हटलं, दोन अँगल जास्त लावा. माझ्या डोळ्यांपुढे चित्र होतं की सासरे समुद्रावरून परत येताहेत आणि त्यांना लांबून बायकोचं नाव दिसतंय. हौसेला मोल नसतं म्हणतात. आमच्या हौसेला होतं, पण ते भरायची पाळी दुसऱ्यावर आली.

शेड जूनच्या पहिल्या आठवड्यात उभी राहिली. तेव्हा मासेमारी बंद असते, होड्या वाळूवर ओढून माडाच्या झापांनी झाकलेल्या. सासऱ्यांनी नारळ फोडला, मान वर करून पाटीकडे बराच वेळ पाहिलं, आणि खाली उतरले. सगळं गाव म्हणालं, सुनेनं नाव काढलं. मी दोन महिने त्या कौतुकावर चालले.

नारळी पौर्णिमेला आम्ही गेलो. त्या दिवशी बायका-पोरं सजवलेल्या होडीतून थोडं आत जाऊन येतात, एरवी बायका मासेमारीच्या होडीत चढत नाहीत. सासरे होडीचे नाखवा, म्हणून ते सुकाणूवर, त्यांचा पुतण्या म्हणजे माझा चुलत दीर इंजिनावर, आम्ही बायका मधे बसून गाणी म्हणतोय. किनारा मागे पडला तशी मी वळून बघितलं. वा. काय दिसत होतं गाव. माडांची रांग, बुरूज, डोंगर, आणि टेकाडावर लाल अक्षरांत सासूबाई. मी ओरडूनच सांगितलं, "बाबा, बघा, आई दिसतायत."

त्यांनी बघितलं. मग पुन्हा बघितलं. होडी थोडी उजवीकडे घेतली, मग डावीकडे. डोळ्यांवर हात धरला. "हां, दिसते," एवढंच म्हणाले. त्यानंतर किनाऱ्याला लागेपर्यंत ते पुन्हा पुन्हा टेकाडाकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा मला आवडला नाही.

किनाऱ्यावर मी दिराला बाजूला घेतलं. त्याने दोरी गुंडाळता गुंडाळता सांगितलं, "वहिनी, काकांची खूण गेली."

मग त्याने जे सांगितलं ते असं. आमच्या घराची डोलजाळी आहेत. समुद्राच्या तळात खुंट ठोकायचा, त्याला जाळं बांधायचं, आणि भरती-ओहोटीच्या ओढीने मासा त्यात येतो. खुंटाची जागा प्रत्येक घराची ठरलेली, पिढ्यान् पिढ्यांची. पावसाळ्याआधी सगळं काढून आणतात आणि पौर्णिमेनंतर पाण्याचा जोर कमी होतो त्या अष्टमीच्या सुमाराला, ज्याला ते भांग म्हणतात, खुंट परत त्याच जागी ठोकतात. चार हात चुकलं तर खाली खडक, जाळं फाटतं. जास्त चुकलं तर दुसऱ्याच्या जागेत, म्हणजे भांडण. आणि ती जागा पाण्यावर ओळखायची कशी? किनाऱ्याकडे बघून. बुरुजाचं टोक एका जुन्या माडाच्या रेघेत आलं पाहिजे, आणि त्याच वेळी देवळाचा कळस डोंगराच्या खाचेत बसला पाहिजे. दोन्ही जुळलं की तुमच्या पायाखाली तुमची जागा.

आता बुरूज होता, माड होता, खाच होती. कळस माझ्या पाटीच्या मागे गेला होता. एक रेघ आहे आणि दुसरी नाही, म्हणजे पत्त्यात कॅम्प चार सांगितलं आणि बराक नंबर सांगितलाच नाही. फिरा दिवसभर.

मी म्हटलं, "अरे पण तुमच्याकडे ते मशीन आहे ना? पडद्यावर जागा दाखवणारं?"

"आहे. पण आपली जागा त्यात नाही. काका तिथे पोचले की मशीन बंद करायला लावायचे. म्हणतात, मशीनात घातली की गावाची झाली, कोणीही उतरवून घेईल. ती जागा त्यांच्या डोक्यात आणि किनाऱ्यावर, एवढीच."

"मग पाटीवरूनच अंदाज घ्या."

"केवढी रुंद आहे ती. या टोकाला धरायची की त्या टोकाला? तेच ठरवायला एकदा कळस दिसायला पाहिजे." मग तो म्हणाला, "वहिनी, गावात आधीच बोलतायत की नाखवा म्हातारा झाला, जागा आता दुसऱ्याला द्यावी. काका मला कालच म्हणाले, या वर्षी खुंट चुकला तर मी किनाऱ्यावर बसेन."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. किनाऱ्यावर बसेन म्हणजे ते खरंच बसले असते, आणि बसलेला नाखवा फार दिवस टिकत नाही, हे त्या गावात मी पाहिलं होतं.

मी तशीच घरी गेले. सासरे पडवीत जाळं दुरुस्त करत बसले होते. मी म्हटलं, "बाबा, पाटी काढून घेऊ. चूक माझी आहे. खाली कुठेतरी लावू."

त्यांनी हातातली सुई थांबवली. "तिच्या नावाला हात लावायचा नाय."

"अहो पण तुमची जागा..."

"माझी जागा मी बघीन. वर चढवलेला नाव खाली नाय उतरवायचा." आणि सुई पुन्हा चालू.

मी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा म्हणाला, "बाबा नाही म्हणाले ना, मग संपलं." या घराण्यातल्या पुरुषांचं हे असं आहे. समुद्राशी बोलतील, एकमेकांशी नाही.

आम्ही अंबरनाथला परत आलो. भांगाला आठवडा होता. दीर रोज फोनवर सांगायचा. सासरे दोनदा आत जाऊन आले. त्यांच्या वडिलांची एक जुनी रीत होती, ती त्यांनी काढली. शिशाच्या वजनाला खालून साबण फासायचा, दोरीने तळाला सोडायचं, वर ओढायचं आणि साबणाला चिकटलेला चिखल बघायचा. ते तो चिखल बोटांत चोळत, वास घेत, जिभेलासुद्धा लावत. चिखल ओळखीचा लागला, पण जवळपास कुठेतरी खडक होता आणि तो नेमका कुठल्या बाजूला ते सांगता येईना. दोन्ही वेळा खुंट तसाच परत आणला. किनाऱ्यावर कुणीतरी विचारलं, "काय नाखवा, वाट चुकलास?" सगळे हसले. सासरेही हसले, असं दीर म्हणाला. ते ऐकून मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. ज्या माणसाला सगळा समुद्र पाठ आहे त्याला माझ्या हौसेने आंधळं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर रिक्षा केली आणि कॅम्प चार गाठलं. शेठ शटरची पट्टी वाकवत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही तोंड घातलं नाही, आणि सिंधी दुकानदाराच्या बाबतीत ही साधी गोष्ट नाही. शेवटी म्हणाले, "आठ बोल्ट हैं, भाभी. दहा मिनटांचं काम. लेकिन बुजुर्ग ना बोले हैं, उसका क्या?"

"त्याचं मी बघते. तुम्ही याल का?"

"मासी के लिए आऊंगा. पाना मेरा, गाली तुम्हारी."

अष्टमीच्या पहाटे त्यांचा टेम्पो आमच्या दारात उभा राहिला. नवऱ्याला मी आदल्या दिवशी काही सांगितलं नव्हतं, सकाळी चहा देताना सांगितलं. तो म्हणाला, "बाबा रागावतील."

"रागावू देत. तीस वर्षांत ते मला एकदाही रागावलेले नाहीत. एकदाचं होऊन जाऊ दे."

तो एका दमात चहा प्यायला. मग उठून बुटाच्या नाड्या बांधायला लागला, आणि टेम्पोत माझ्या आधी जाऊन बसला. वाटेत त्याने कारखान्यात फोन करून रजा टाकली. तीस वर्षांत त्याने आयत्या वेळी टाकलेली ती पहिली रजा.

आम्ही पोचलो तेव्हा होडी गेलेली होती. टेकाडावर कुणी नव्हतं. नवऱ्याने शिडी धरली, शेठ वर चढले, आणि खाऱ्या हवेने दोन-अडीच महिन्यांत गंजलेले ते आठ बोल्ट दहा मिनिटांत काही निघाले नाहीत. शेठ सिंधीतून बोल्टांना काय काय म्हणत होते देव जाणे. पाऊण तास गेला. मी देवीपुढे उभी राहून म्हटलं, बाई, तुझाच कळस आहे, जरा मनावर घे. शेवटचा बोल्ट निघाला तशी पाटी एका बाजूला कलली. नवऱ्याने आणि मी ती खालून धरली, तिघांनी मिळून उतरवली आणि देवळाच्या भिंतीला टेकून ठेवली. मागे वळून बघितलं तर पांढरा कळस उघड्या आभाळात उभा होता.

मी दिराला फोन लावला. वाऱ्याचा नुसता आवाज. पुन्हा लावला. पुन्हा वारा. तिसऱ्यांदा त्याचाच आला. "वहिनी, कळस दिसला. काकांनी डोळ्यांवर हात धरलाय. नुसतं बघतायत. होडी वळवली त्यांनी." आणि फोन बंद.

त्यानंतरचा तास कसा गेला ते सांगता येणार नाही. होडी एवढीशी दिसत होती, कधी हलते, कधी थांबते. शेठ तंबाखू मळत बसले, नवरा शिडीला टेकून उभा, शिडी सोडायला विसरलेला. मग फोन वाजला. दीर म्हणाला, "बसला खुंट. पहिल्या ठोक्याला बसला, वहिनी. लोण्यात सुरी गेल्यासारखा." मी ते मोठ्याने सांगितलं. शेठनी दोन्ही कानांना हात लावले. मी पदराने डोळे पुसले, आणि आपण आनंदात आहोत की भेदरलोय हे मला कळेना.

सासरे किनाऱ्याला लागले आणि घरी न जाता थेट टेकाडावर आले. ओले कपडे, पायऱ्या चढून धाप लागलेली. मी बोलायचं सगळं ठरवून ठेवलं होतं, ते पार विसरले. शेठ पुढे होऊन म्हणाले, "बाबा, भाभी को कुछ मत बोलो, बोल्ट मैंने खोला." सासऱ्यांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. भिंतीला टेकलेल्या पाटीपाशी गेले आणि तिथेच ओट्यावर बसले.

मी म्हटलं, "बाबा, मीच काढली. तुम्ही नको म्हटलंत तरी काढली."

ते म्हणाले, "ती असती तर पयल्याच दिवशी काढली असती. तू आठ दिस घालवलेस." मग पाटीवर हात ठेवून नवऱ्याला म्हणाले, "वर नको आता. हितं लाव. बसल्यावर हाताला लागेल अशी."

नवऱ्याने मान हलवली. सासरे जाड बोटांनी पत्र्याची लाल अक्षरं चाचपत होते. चाचपता चाचपता त्यांनी मला विचारलं, "कुठून सुरू होते ती?"

त्यांचा हात शेवटच्या अक्षरावर होता. तीस वर्षं त्या घरात वावरून मला माहीत नव्हतं की त्यांना वाचता येत नाही. ज्या नावाला हात लावू दिला नाही ते पाटीवर कुठे आणि कसं लिहिलंय, हे त्यांना कळलेलंच नव्हतं, नारळ फोडताना वर बघत होते तेव्हाही. मी त्यांच्याशेजारी बसले, त्यांचा हात धरून पहिल्या अक्षरावर ठेवला आणि एकेक अक्षरावरून नेत वाचलं. चार अक्षरं.

"परत वाच," ते म्हणाले.

मी परत वाचलं. त्यांच्या पिढीत बायकोचं नाव घेत नाहीत. जन्मभर ते तिला "अगो" म्हणाले, आणि चितेला अग्नी देतानाही त्यांच्या तोंडून नाव निघालं नव्हतं. नवऱ्याने बापाच्या तोंडून आईचं नाव उभ्या आयुष्यात ऐकलेलं नव्हतं. मी तिसऱ्यांदा त्यांचा हात पहिल्या अक्षरावर ठेवायला गेले, तर त्यांनी माझा हात बाजूला केला, आपलं बोट आपणच पहिल्या अक्षरावरून शेवटच्यापर्यंत नेलं, आणि घरातल्या माणसाला हाक मारावी तसं सासूबाईंचं नाव घेतलं.